बॅटरी कथी शे, भो?

मे महिन्यातली दाट तिथी, भुसावळच्या बाजूचं मंगल कार्यालय, आणि आदल्या रात्री पाहुण्यांच्या परदेशी गाडीचे चारही दरवाजे उघडे टाकून तिच्याच स्पीकरवर हळदीचा नाच झालेला. सकाळी रिमोट दाबला तर गाडी डोळासुद्धा मिचकावत नाही. मग दहा-बारा माणसं जमतात. आमच्या खानदेशात बंद पडलेली गाडी आणि भरिताची वांगी भाजायचा विस्तव, दोन्हीभोवती माणसं बोलवावी लागत नाहीत. बॉनेट उघडलं जातं, सगळे आत वाकतात. काळी झाकणं, नळ्या, काचेच्या पाण्याची टाकी, सगळं सापडतं. "बॅटरीच नही शे यामा!" असा निकाल लागतो. रात्रीतून कुणी काढून नेली का, म्हणून दोघं-तिघं जनरेटरवाल्याकडे संशयानं बघू लागतात.

बॅटरी जागेवरच असते. फक्त ती जागा डिकीत असते: गालिच्याखाली स्टेपनीच्या खड्ड्यात, नाहीतर एका बाजूच्या कप्प्यात. आणि डिकीचं कुलूप चालतं विजेवर. बॅटरी उतरली की डिकी उघडत नाही, आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरीला हात लागत नाही. ज्यानं हे आखलं त्याच्या घरी तिजोरीची किल्ली तिजोरीतच असणार, असं माझंही पहिलं मत होतं.

पण त्यानं वाट ठेवलेली असते. रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असते, तिनं ड्रायव्हरचं दार उघडतं. पायाशी बॉनेटची दांडी असते. ती तारेवर चालते, विजेवर नाही. बॉनेटखाली लाल टोपण शोधा, त्यावर अधिकचं चिन्ह असतं. टोपणाखालचा बोल्ट म्हणजे मागच्या बॅटरीचं इथवर आणलेलं टोक. लाल केबल आधी त्याला, मग मदतीच्या गाडीच्या अधिकला. काळी केबल मदतीच्या गाडीच्या वजाला, आणि तिचं दुसरं टोक सगळ्यांत शेवटी बंद गाडीच्या अर्थिंगच्या बोल्टला. मदतीची गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. केबली काढायच्या उलट्या क्रमानं. नुसती डिकीच उघडायची असेल तरी हाच रस्ता; वीज आली की बटण चालतं.

दोन उत्साही सूचना तिथल्या तिथे हाणून पाडा. पहिली, "धक्का मारू." गाडी ऑटोमॅटिक असते. तिच्या गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिनावर फिरतो, त्यामुळे अख्खं वऱ्हाड ढकलत राहिलं तरी इंजिन फिरायचं नाही. दुसरी, "तो रावेरचा केळीचा ट्रक उभा आहे, त्यावरून घेऊ." मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट असतात. ते १२ व्होल्टच्या गाडीला दिले तर तिचे कॉम्प्युटर जळतील, आणि ते बिल आहेराच्या पाकिटातून निघणारं नसतं.

आता मुळात बॅटरी मागे का? १९५९च्या 'मिनी' या छोट्या ब्रिटिश गाडीत इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली सरकवला, पुढे जागाच उरली नाही म्हणून बॅटरी डिकीत गेली. बीएमडब्ल्यूसारख्यांचं कारण वजनाचं. पुढच्या-मागच्या चाकांवर निम्मा-निम्मा भार हवा. २० किलोची बॅटरी तीन मीटर मागे नेली आणि दोन्ही आसांमधलं अंतर २.७ मीटर असलं, तर पुढच्या चाकांवरचा साधारण २२ किलो भार मागे जातो. जर्मन माणूस यासाठी रात्र-रात्र जागतो, आणि आपण त्याच डिकीत बामणोदच्या वांग्यांची दोन पोती टाकून त्याची झोप फुकट घालवतो. तिसरं कारण उष्णतेचं, आणि ते आपल्याला पटायला हवं. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं होतं. पंचेचाळीस अंशांच्या जळगावात इंजिनाशेजारी बॅटरी ठेवणं म्हणजे म्हाताऱ्याला चुलीपाशी बसवणं. काही हायब्रीडमध्ये तर १२ व्होल्टच्या बॅटरीला इंजिन फिरवायचंच नसतं, तिथं छोटी बॅटरी मागे ठेवली तरी काही अडत नाही.

खरी गोम केबलीत आहे. सेल्फला २०० अँपिअर लागतात, आणि वीज साडेचार मीटर चालून येते. तांब्याची ५० चौरस मिलिमीटरची केबल असेल तर वाटेत ०.३ व्होल्ट खर्ची पडतात. कुणी "सेमच आहे, दादा" म्हणत १६ची टाकली तर जवळजवळ एक व्होल्ट. मग बॅटरी नवी, सेल्फ नवा, तरी गाडी टक-टक करते आणि मालक महिनाभर बॅटरीवाल्याशी भांडतो. व्होल्टमीटरची एक सळई बॅटरीच्या अधिकला, दुसरी पुढच्या लाल बोल्टला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर दोष केबलीचा, नाहीतर तिच्या गंजलेल्या टोकाचा.

बॅटरी बदलताना एक बोटभर रबरी नळी हटकून विसरली जाते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीला भडकतो. बॉनेटखाली वारा असतो. डिकी बंद पेटी, म्हणून तो वायू ही नळी गाडीबाहेर सोडते. नव्या बॅटरीला नळीचं भोक नसेल तर ती बॅटरी तुमची नाही, हजार रुपये स्वस्त असली तरी. एजीएम (आतलं आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली बॅटरी) होती तिथं एजीएमच. बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनर लावून नोंदवावी लागते. नाहीतर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते. हे "सातबाऱ्यावर नाव लावायचं राहिलं" असं सांगितलं की लगेच कळतं.

गाडी चालू झाली म्हणून बॅटरी भरली असं नाही. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. ८० अँपिअर-अवरची निम्मी बॅटरी ८ अँपिअरच्या चार्जरवर भरायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे जेवणाच्या सगळ्या पंगती उठतात. नवरदेवाला तोवर ट्रॅक्टरवर बसवा. त्याची बॅटरी कुठे असते ते गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असतं.