राकेशच्या नावात केस नाहीत, चंद्र आहे

टकलावरचे विनोद बहुतेक वेळा फसतात, कारण बोलणाऱ्याची नजर समोरच्याच्या डोक्यावर असते. कोटी करायची तर त्याच्या नावाकडे बघावं लागतं. टक्कल शंभर जणांचं सारखंच दिसतं, त्यावर नवं काय बोलणार? सोलापूर हे शाहीर रामजोशींचं गाव. संस्कृत आणि मराठी मिसळून लावण्या रचणाऱ्या माणसाच्या गावात, हुरड्याच्या आगटीभोवती बसून नुसतं ‘ए टकल्या’ म्हणणं मला खरंच खटकतं.

राकेश हे नाव घ्या. कानाला त्यात ‘केश’ ऐकू येतो, पण फोड आहे राका + ईश. राका म्हणजे पौर्णिमेची रात्र, तिचा स्वामी चंद्र. म्हणजे ऐकताना केस आणि अर्थ बघितला तर चंद्र! ‘राकेश, केस गेले तेव्हा कुठे नाव सार्थ झालं.’ याहून भरीव कोटी या विषयात मला तरी माहीत नाही. कस लावायचा असेल तर त्याच अर्थाचं दुसरं नाव घालून बघा. सुधाकर म्हणजेही चंद्रच, पण तिथे वाक्य पडतं. शब्द बदलला की गंमत जाते, तो शब्दश्लेष. हृषीकेशचंही असंच आहे. हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश; केसांचा संबंधच नाही. पण बोलताना आपण सर्रास ‘ऋषिकेश’ म्हणतो, म्हणून ‘केश गेले, ऋषी उरला’ हे तोंडी छान लागतं. नाव ‘हृषीकेश’ असं शुद्ध लिहिलं की त्यातला ऋषी दिसतच नाही, म्हणून ही कोटी बोलायची, टाइप करायची नाही.

केशव मात्र अस्सल केसवाला. पाणिनीने केश शब्दाला ‘व’ प्रत्यय सांगितलाय, केस असलेला या अर्थाने. म्हणून ‘केशवअण्णा, केश गेले, व राहिला’ एवढंच पुरे. ‘तुमचं नाव केशव आणि डोक्यावर केस नाहीत’ ही कोटी नव्हे, ती नुसती तक्रार झाली. कळीचा शब्द शेवटी यावा, वाक्य पाच-सहा शब्दांत संपावं, आणि समजावून सांगायची वेळ आली तर सोडून द्यावं.

नाव टकलाच्या जागेशीही जुळलं पाहिजे, इथे भलेभले चुकतात. पुरुषांत केस बहुधा कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकतात, उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी सरकतं तसे. किंवा टाळूवर, भोवऱ्याच्या जागी, वाटोळे विरळ होतात. पहिल्या प्रकाराला भालचंद्र शोभतो, कारण भाल म्हणजे कपाळ. दुसऱ्याला चंद्रशेखर, कारण शेखर म्हणजे माथ्यावरचा तुरा. पुढे दाट झुलपं आणि मागे चंद्र असलेल्या भालचंद्रावर कोटी केली तर लोक आधी त्याच्या कपाळाकडे बघतात आणि हसू तिथेच अडकतं.

टकले, बोडके ही आडनावं सोडाच. ती कोटी त्यांनी शाळेपासून ऐकलेली असते, शिवाय आडनाव सगळ्या घराचं असतं, लेकीसुनांचंही.

आणि चाई असेल तर तोंड बंद. चाईत केसांचा गोल चट्टा अचानक जातो, लहान मुलांतही. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. तो चट्टा हुबेहूब चंद्रासारखा दिसतो, म्हणूनच जीभ वळवळते. टायफॉइड, डेंगीनंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येतात, बाळंतपणानंतरही येतात. कॅन्सरच्या औषधांनी जातात ते वेगळेच. अनुवंशाने पंधरा-वीस वर्षांत सावकाश पडलेल्या टकलाची माणसाला सवय झालेली असते; इथे तो रोज उशीवरचे केस वेचत असतो. कारण माहीत नसेल तर नावाला हात लावू नका.

आपल्या सोलापूरला आणखी एक सोय आहे, भाषांची. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. तेलुगूत गुंडू म्हणजे मुंडण केलेलं डोकं, कन्नडात गुंडू म्हणजे वाटोळं. एखादा गुंडप्पा तिरुपतीला केस देऊन आला की म्हणावं, ‘गुंडप्पा, गेलास कन्नडात, आलास तेलुगूत.’ पुण्यात हे कुणाला कळणार नाही. सोलापुरात समजावून सांगावं लागत नाही.