टिओमनचं पाणी आणि आमची गंगा

मागच्या महिन्यात सिंगापूरहून टिओमनला गेले होते. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याजवळचं हे बेट. मर्सिंगहून फेरी पकडायची. तिथल्या एअर बातांग गावाला उतरलं की किनाऱ्यालगत एकच अरुंद सिमेंटची वाट. मोटारी नाहीत, गर्दी नाही, मधूनमधून डायव्हिंगची दुकानं. पाण्यात उतरण्याआधी शिकवणाऱ्याने एकच गोष्ट घोटून घेतली: प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर पाय टेकायचा नाही, कितीही घाबरलात तरी. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण ते इवल्या जिवांनी बांधलेलं असतं. एका लाथेत तुटतं, आणि भरून यायला वर्षं लागतात. म्हणून बोटीही तिथे नांगर टाकत नाहीत. आधीच बांधून ठेवलेल्या तरंगत्या बोयाला दोर अडकवतात.

तिथून नाशिकला आले, पंचवटीत आत्याकडे, गोदावरीकाठी. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. घरात विषय एकच, २०२७चा सिंहस्थ कुंभमेळा. २०२५च्या अखेरीस साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या तंबूंच्या वस्तीसाठी, तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला आणि शहर दोन बाजूंना उभं राहिलं. तो वाद आमच्याकडे जेवणाच्या पानावरही थांबत नाही. आत्या म्हणाली, "अगं, साधू बारा वर्षांनी येतात. त्यांना जागा नको? तुम्हा बाहेर राहणाऱ्यांना झाडांबद्दल बोलायला काय जातं?"

मला ते लागलं, कारण त्यात खरं आहे. डायव्हिंग ही हौस. अस्थी घेऊन गोदावरीतल्या रामकुंडावर येणारा माणूस हौसेने येत नाही. २०१०मध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं, तेव्हा मलेशियाने टिओमन आणि रेडांग या बेटांजवळच्या काही डायव्हिंगच्या जागा काही महिने सरळ बंद ठेवल्या. रामकुंड तसं बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या आजोबांच्या अस्थी तिथेच विसर्जित झाल्या.

पण नांगराऐवजी बोया, एवढं तर आपल्याला जमेल? बोया लोकांना अडवायला नसतो. लोक येत राहावेत आणि खालचंही टिकावं म्हणून असतो. आपण याच्या उलट केलं. भाविकांच्या सोयीसाठी गोदापात्रात काँक्रीट ओतलं, जुनी कुंडं त्याखाली गेली. ते काढा म्हणून कोर्टात गेली तीही नाशिकचीच माणसं, कुणी परदेशातून आलेलं नव्हतं. टिओमनला ईशान्येचे मोसमी वारे सुरू झाले की नोव्हेंबरपासून बरीच दुकानं मिटतात आणि किनाऱ्याला आपसूक उसंत मिळते. गोदेला अशी उसंत कोण देणार? आणि साधुग्राम उठून गेल्यावर तंबू निघतील. तोडलेलं मोठं झाड पुढच्या सिंहस्थापर्यंतही पुन्हा तेवढं होत नाही. तपोवन या नावातच वन आहे. झाडं जागेवर ठेवून तंबूंची आखणी करायला हवी, त्यासाठी जागा कमी पडली तर दुसरीकडे शोधायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला तपोवनात घेऊन गेली. एका कडुनिंबापाशी थांबली. "२०१५ला पाऊस आला तेव्हा आम्ही बायका याच्याच खाली उभ्या होतो. साधूंच्या खालशातल्या बाबांनी चहा दिला होता." मग हळूच म्हणाली, "हेही यादीत आहे का गं?"

मला माहीत नव्हतं. खोडावर कुठे आकडा टाकलाय का, ते आम्ही दोघींनी झाडाभोवती फिरून पाहिलं.