देणगी घ्या, पण समुद्राची गोष्ट आपली आपण सांगू

गेले काही दिवस आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो वाद चाललाय तो वाचून डोकं तापलंय, म्हणून हे लिहायला बसलो. विषय तसा साधा. एका खाण कंपनीने सीएसआरच्या (कंपनीने समाजासाठी खर्चायच्या) पैशातून तालुक्यातल्या शाळांसाठी समुद्रावरचा कार्यक्रम करायचं ठरवलंय. कासवं, प्रवाळ, प्लास्टिक, शास्त्रज्ञ येऊन मुलांना गोष्टीसारखं समजावणार, पुस्तिका, फिल्म, सगळं फुकट. झालं, दोन तट पडले. अर्धे म्हणतात हा पापाचा पैसा, शाळेच्या दारात उभा करू नका. अर्धे म्हणतात मिळतंय तर गप घ्या, ऑस्ट्रेलियात बघा खाण कंपन्या समाजासाठी किती करतात. मग कोणीतरी मला टॅग केलं, तू सांग रे पर्थमध्ये कसं असतं ते. मी चार ओळी लिहिल्या तर लगेच उत्तर आलं, तिथे बसून सांगायला तुझं काय जातंय.

बरं, मग नीटच सांगतो.

आधी पापाचा पैसा म्हणणाऱ्यांना. त्यातले बरेचसे पणजी-पर्वरीत राहतात, आणि ज्या कॉलेजात शिकले ते कोणाच्या पैशातून उभं राहिलं हे त्यांना चांगलं माहीत आहे. गोवा मुक्त झाल्यावर 1962 मध्ये धेंपे आणि चौगुले कॉलेज सुरू झाली, 1963 मध्ये नवहिंद टाइम्स आला, 1970 मध्ये नवप्रभा, आणि धेंपो-साळगावकर या खाणमालकांच्या फुटबॉल संघांवर तर दोन पिढ्या वाढल्या. आमच्या घरात रोजची मराठी नवप्रभातून यायची, बाबा अग्रलेख मोठ्याने वाचायचे. तो पैसा खाणीचाच होता ना? तेव्हा कोणी पेपर परत नाही पाठवला. आणि आता तर ही देणगी कोणाच्या मर्जीवरही नाही, कंपनी कायदा 2013 प्रमाणे मोठ्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करावेच लागतात. तुम्ही नको म्हणालात तर तो पैसा परत मातीत जाणार नाहीये, दुसऱ्या तालुक्यात जाईल, एवढंच.

आता गप घ्या म्हणणाऱ्यांना, आणि हे जरा लांबणार आहे.

मी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबरा या खाणपट्ट्यात कामाला जातो, दोन आठवडे काम आणि एक आठवडा सुट्टी, पहाटेच्या फ्लाइटमध्ये सगळे कामाच्या केशरी कपड्यांत. लोह खनिजावर हे राज्य चालतं, माझं घरही चालतं. 24 मे 2020 ला रिओ टिंटो या खाण कंपनीने जुकन गॉर्ज इथल्या दोन गुहा स्फोटाने उडवल्या, खनिजासाठी. तिथे 46 हजार वर्षांपूर्वीपासून माणसाचा वावर होता. राज्याच्या 1972 च्या कायद्याखाली परवानगी घेतलेली, म्हणजे कागदोपत्री सगळं कायदेशीर. आणि ग्रुपवर हे कोणालाच माहीत नाहीये की 2014 मध्ये तिथे जे उत्खनन झालं त्याचा खर्च कंपनीनेच केला होता. त्यात सुमारे 7 हजार वस्तू निघाल्या, आणि माणसाच्या केसांचा 4 हजार वर्षांपूर्वीचा गोफ निघाला, ज्याचा डीएनए आज हयात असलेल्या तिथल्या लोकांशी, पुटू कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळला. म्हणजे ती जागा किती मोलाची आहे हे शोधायला पैसा कंपनीचा, शोधलं शास्त्रज्ञांनी, कंपनीला ते कळलंही, आणि तरी सहा वर्षांनी सुरुंग लागलाच. नंतर जगभर ओरड झाली, माफी मागितली, सीईओला जावं लागलं. गुहा गेल्या त्या गेल्याच.

तर विज्ञानाला पैसा देणं वेगळं आणि त्या विज्ञानाचं ऐकणं वेगळं. ऑस्ट्रेलियाचा दाखला देणाऱ्यांनी हाही दाखला द्यावा.

दुसरी बाजूही सांगतो, कारण मी कंपन्यांना शिव्या घालायला बसलेलो नाही. फोर्टेस्क्यू या खाण कंपनीचे ॲन्ड्र्यू फॉरेस्ट, लोह खनिजावरच अब्जाधीश झाले, 2019 मध्ये त्यांनी सागरी परिसंस्थेवर पीएचडी केली, त्यांच्या मिंडरू फाउंडेशनची एक्समाउथला, निंगलू प्रवाळांच्या शेजारी प्रयोगशाळा आहे. सागरी विज्ञानावर एवढा खाजगी पैसा लावणारी माणसं कमी असतात, हे मी मानतो. पण त्यांच्याच कंपनीची सॉलोमन खाण ज्या जमिनीवर आहे तिथल्या यिंजीबार्न्डी लोकांचा हक्क 2017 मध्ये फेडरल कोर्टाने मान्य केला आणि मग त्या लोकांना भरपाईसाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. समुद्रासाठी हात मोकळा आणि ज्याच्या जमिनीवरून खनिज काढलं त्याच्यासाठी वकील, हे इथेही असंच आहे. माझी मुलगी किंग्ज पार्कमध्ये रिओ टिंटोचं नाव लावलेल्या नेचरस्केपमध्ये पाण्यात खेळते, फार सुंदर जागा आहे, आणि ते नाव तिला झाडाच्या नावासारखं पाठ झालंय. तिथे मला दर वेळी थोडं अस्वस्थ होतं.

आपल्या कार्यक्रमाबद्दल माझा राग इथे आहे. ग्रुपवर त्या पुस्तिकेची पानं कोणीतरी टाकली. मोरजीला अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले आहे, गालजीबागचा किनारा आहे, प्लास्टिकची पिशवी गिळणारा मासा आहे. समुद्र बिघडवणारा कोण, तर चिप्सचं पाकीट टाकणारा पर्यटक. मांडवी नदी कुठेच नाही! डिचोली आणि वाळवंटी या नद्या नाहीत. अरे, आपल्या तालुक्यातली मुलं आहेत ती, त्यांचा समुद्राशी संबंध मोरजीला नाही, घरामागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सुरू होतो.

मला आठवतंय तसं सांगतो. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की डंपवरची (खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगावरची) माती सुटायची, व्हाळाचं पाणी विटेच्या रंगाचं, आणि आमच्या काकांच्या शेतात ते पाणी ओसरलं की वर तेलकट लाल थर राहायचा. वाळला की त्याच्या खपल्या व्हायच्या, हाताने उचलता यायच्या, खाली भाताचं रोप आडवं. काका दर वर्षी त्या खपल्या काढून बांधावर टाकायचे. जी माती शेतात अडली नाही ती वाळवंटीतून मांडवीत, बार्ज जायचे त्याच वाटेने समुद्राकडे. शिनाण्या आणि तिसऱ्यो (शिंपले) विकणाऱ्या बायकांना हे कुठल्या पुस्तिकेतून कळायची गरज नाही. सत्तरीत सोनशीच्या लोकांनी 2017 मध्ये धुळीविरुद्ध आणि पाण्यासाठी खनिजाचे ट्रक अडवले तर चाळीसहून जास्त माणसं तुरुंगात गेली. कांदोळीला रिव्हर प्रिन्सेस हे खनिजवाहू जहाज 2000 च्या जूनमध्ये रुतलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ किनाऱ्यावर गंजत राहिलं, आजूबाजूची वाळू खात. खाण आणि समुद्र यांची गोष्ट सांगायची तर साहित्य आपल्याकडे भरपूर आहे.

आणि दोनापावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे! 26 जानेवारी 1981 ला गवेषणी जहाजावरून आपल्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराच्या तळाचे मँगनीजचे गोळे वर काढले, आज मध्य हिंदी महासागरात 75 हजार चौरस किलोमीटर भारताच्या वाट्याला आहे, निकेल, तांबं, कोबाल्ट. ते गोळे दहा लाख वर्षांत काही मिलीमीटर वाढतात. म्हणजे पुढची खाण समुद्राच्या तळाशी असू शकते आणि तिचा अभ्यास पणजीहून बसने जाता येतं तिथे चालतो. हे मुलांना सांगायचं नाही तर काय सांगायचं?

कंपनीच्या पैशातून चांगलं होत नाही असं मुळीच नाही. गुजरातमध्ये 2004 पासून टाटा केमिकल्स, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि वनखात्याने व्हेल शार्कसाठी जे केलं ते बघा. कथाकार मोरारीबापूंनी लोकांना सांगितलं की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, मारू नका. तिला व्हाली असं नाव मिळालं, आणि जाळ्यात सापडली तर कोळी जाळं कापून तिला सोडतात, कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळते. गोष्ट त्यांच्या बोलीतली आणि नुकसानीचा हिशोबही त्यांच्या हातात. आपल्याकडे हा दुसरा भाग, नुकसानीचा हिशोब, कोणी काढतच नाही. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये खनिजाच्या विक्रीतले 10 टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले, पुढच्या पिढीसाठी, म्हणजे ही पुस्तिका ज्या मुलांसाठी आहे त्यांच्यासाठीच. त्या निधीचं पान पुस्तिकेत का नाही? खनिज लोकांचं आहे, आणि रॉयल्टीचा दर तर आपल्याकडे 15 टक्के आहे, इथे साडेसातच. या बाबतीत गोव्याने पर्थकडे बघायची काही गरज नाही, हे मी इथे मित्रांना मुद्दाम सांगतो.

आता, तिथे बसून सांगायला काय जातंय, याचं उत्तर. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा बाबांचे दोन ट्रक होते, हप्त्यावर घेतलेले. सरकारी भाषेत आम्ही खाण अवलंबित. ट्रक दारात उभे राहिले, टायर बसले, मग कवडीमोलाने गेले, आणि मी घरात पैसा यावा म्हणून बाहेर पडलो. शेत लाल झालेले काका आणि ट्रक असलेले बाबा सख्खे भाऊ, एकाच देव्हाऱ्यापुढे हात जोडायचे, त्यामुळे मला या वादात एकच बाजू घेता येत नाही आणि घ्यायचीही नाहीये. मी आता ऑस्ट्रेलियाचा नागरिक आहे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) आहे, ग्रामसभेत मला मत नाही. ज्या जमिनीवर मी काम करतो तिथेही, तिथल्या मूळच्या लोकांपुढे, माझा शब्द कशाचाच नाही. दोन्हीकडे खनिजाचं खातो आणि दोन्हीकडे पाहुणा आहे. याचं दुःख होतं, खूप होतं, पण म्हणून माझ्या गावच्या व्हाळाबद्दल गप्प बसावं असं मला वाटत नाही.

मुख्याध्यापकांना मी वेगळं लिहिलंय. पैसा घ्या, पण पुस्तिकेचा मजकूर कंपनीकडून येणार नाही, शाळा आणि एनआयओचे लोक मिळून लिहितील, आणि मुलांची सहल मोरजीला न जाता डंपच्या पायथ्यापासून निघेल, मग वाळवंटी, मग मांडवीची जेटी, मग दोनापावला. कंपनीला हे चालत नसेल तर बसचं भाडं आम्ही बाहेर असलेले डिचोलीकर काढू, चार जणांनी हो म्हटलंय. नाताळच्या सुट्टीआधी मी येतोय. काकांनाही बसमध्ये घ्या, त्या खपल्या कशा काढायच्या ते त्यांच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही.