"सत्तरीनंतर हत्यार लावू नका" वाल्या फॉरवर्डला उत्तर

परत तोच मेसेज फिरतोय. सत्तरीच्या पुढच्या माणसाला पॅनक्रियाजचा (स्वादुपिंडाचा) कॅन्सर निघाला तर ऑपरेशनच्या फंदात पडू नका, पेशंट टेबलावरच जातो, हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो, केलं काय नि न केलं काय सहाच महिने, आणि हे सगळं हॉस्पिटलच्या कमाईसाठी. खाली पर्रीकर आणि स्टीव्ह जॉब्सचे फोटो.

फोटोंचं आधी उरकू. पर्रीकर गेले तेव्हा 63 वर्षांचे होते, मग सत्तरीच्या मुद्द्यात ते आले कुठून? जॉब्सना होता तो न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, हा प्रकारच वेगळा, सहसा हळू वाढणारा, आणि ऑपरेशन त्यांनीच कित्येक महिने लांबवलं होतं. फोटोच टाकायचा तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या जज रूथ बेडर गिन्सबर्ग यांचा टाका की. फेब्रुवारी 2009, वय 75, ऑपरेशन झालं, त्याच महिन्यात कोर्टात परत हजर, आणि गेल्या 2020 मध्ये, 87 व्या वर्षी. हां, गेल्या त्या याच आजाराने, आणि त्यांची गाठ अगदी लहान असताना सापडली होती, तेवढं नशीब फार थोड्यांचं असतं.

आता "टेबलावरच जातो". पॅनक्रियाजच्या डोक्याकडच्या गाठीसाठी व्हिपल नावाचं ऑपरेशन करतात, त्यात पॅनक्रियाजचं डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा असं सगळं काढून उरलेलं परत आतड्याला जोडायचं, काही तासांचं काम आहे आणि पॅनक्रियाजचा जोड गळायची भीती नंतरही काही दिवस असतेच. एके काळी खरंच चारातला एक पेशंट दगावायचा, भीती तिथूनच आलीय. पण 2002 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, पेशंट सगळे 65 च्या वरचे. जिथे अशी ऑपरेशनं वर्षाला एकही धड होत नाहीत तिथे मृत्यूचं प्रमाण 16 टक्के, आणि जिथे वर्षाला 16 पेक्षा जास्त होतात तिथे 4 टक्क्यांच्या आत. म्हातारे दोन्हीकडे होते, फरक हॉस्पिटलचा! म्हणून घराजवळचं चकाचक हॉस्पिटल बघून भुलण्यापेक्षा सर्जनला सरळ विचारा, तुमच्याकडे वर्षाला व्हिपल किती होतात. परळच्या टाटासारख्या ठिकाणी हे रोजच्या कामातलं ऑपरेशन आहे.

वयाने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाहीये. म्हाताऱ्या पेशंटला नंतर न्यूमोनिया होतो, रात्री भ्रम होतो, घरी यायला जास्त दिवस लागतात. पण रोज फिरून येणारे, स्वतःचं स्वतः करणारे 78 वर्षांचे आजोबा आणि हार्ट-किडनी दोन्ही कुरकुरणारे 62 चे काका यांच्यात ऑपरेशन कुणाला जास्त झेपेल ते जन्मतारखेवरून नाही ठरत.

"हत्यार लागलं की पसरतो" हे का पटतं माहितीये? पोट उघडल्यावर कधीकधी दिसतं की लिव्हरवर बारीक ठिपके आधीच आलेत, स्कॅनमध्ये न दिसलेले. मग गाठ न काढता टाके घालतात, पेशंट दोन-चार महिन्यांत खालावतो, आणि घरचे म्हणतात चांगला चालता-बोलता माणूस हत्याराने गेला. पसरलेला तो आधीच होता. हे टाळायलाच शंका असेल तिथे आधी दुर्बिणीने आत बघून घेतात.

सहा महिन्यांचं म्हणाल तर पसरलेल्या कॅन्सरबद्दल ते साधारण खरंय. पण गाठ काढता आली आणि नंतर केमो झेपली तर जर्मनीतल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये पाच वर्षांनी शंभरातले साधारण 21 जण जिवंत होते, केमोशिवाय 10. आकडा काही आनंदाचा नाही, तोही ट्रायलला निवडलेल्या धडधाकट लोकांचा. पण शून्यही नाही ना. निदान होतं तेव्हा गाठ काढता येण्यासारखे पेशंट असतातच शंभरात 15-20, बाकीच्यांच्या बाबतीत उशीर झालेला असतो, आणि गाठीने पित्तनलिका दबली की कावीळ होते, म्हणून आपल्याकडे त्या उशिरात कावीळ उतरवणाऱ्यांचाही हात आहे. म्हाताऱ्या माणसाला पोट न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज, शौच पांढुरकं, तर माळ बांधून आणि नाकात थेंब घालून महिना घालवू नका, सोनोग्राफी करा, लागला तर सीटी करा.

कमाईचं? काही ठिकाणी असेलही, म्हणून सेकंड ओपिनियन घ्या, रिपोर्ट आणि सीडी घेऊन दुसऱ्या सर्जनकडे जाता येतं. आणि ऑपरेशन नको म्हणणं हाही एक रीतसर निर्णय आहे, खूप थकलेल्या माणसासाठी तोच बरोबर असू शकतो, पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) टाकून कावीळ आणि खाज कमी करता येते, दुखणं आवरता येतं. फक्त तो निर्णय फॉरवर्ड वाचून मुलाने आणि जावयाने बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊ नये. "बाबांना सांगू नका हं डॉक्टर" म्हणून ज्यांना आत कॉटवर ठेवलंय, त्यांना विचारा.