जाळी कोरडी राहते, पण पायाचं काय?

दादा, सशाच्या पिंजऱ्याला तळाशी तारेची जाळी नको, गोधडी अंथरा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्याकडे वडिलांपासून ससे जाळीवरच वाढले. लेंड्या आणि मूत खाली पडतं, पिंजरा खडखडीत कोरडा राहतो. गोधड्या अंथरल्या की त्या मुतात भिजणार, घरभर वास सुटणार आणि उन्हाळ्यात जनावराला उकडणार. शिवाय माळावरचा ससा मुरमातून पळतोच की, त्याला कोण सतरंजी घालतं?

कोरडेपणाचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. ओल्या गोधडीवर बसलेल्या सशाचे पाय जाळीवरच्या सशापेक्षाही लवकर बिघडू शकतात. मुताने भिजलेली कातडी मऊ पडते, वरची लव जाते आणि मग साध्या घर्षणानेही तिथे जखम होते. पावसाळ्यात तर त्या ओलीवर माश्या अंडी घालतात आणि ससा जिवंत असताना त्याच्या अंगात अळ्या पडतात. त्यामुळे नुसतं मऊ काहीतरी अंथरून कामाला जाणाऱ्यांना तुम्ही झापलंत तर मी तुमच्याच बाजूने आहे.

पण जाळी. कुत्र्या-मांजराच्या पंजाखाली जशी जाड गादी असते, तशी सशाला नसते. त्याच्या तळव्याला असतात ते फक्त दाट केस आणि खाली पातळ कातडी. गवतावर किंवा भुसभुशीत मातीत तो बसला की नखं आत रुततात आणि वजन बोटांपासून टाचेपर्यंत सगळीकडे वाटलं जातं. कडक, सपाट जागी नखांना रुतायला जागाच नाही. बोटं वर उचलली जातात आणि सगळा भार मागे टाचेवर येतो. जाळीवर तर तो भार एकेका तारेवर येतो, तासन्‌तास, रोज. आधी टाचेचे केस झिजतात, मग कातडी लाल होते, मग खपली, मग पू. दुर्लक्ष झालं तर संसर्ग हाडापर्यंत जातो. याला सोअर हॉक्स म्हणतात. रेक्स जातीच्या सशांचे केस मुळात आखूड असल्याने त्यांना हे लवकर होतं. लठ्ठ सशांचं आणि नखं वाढलेल्या सशांचंही तेच.

तुमच्याकडचे ससे ठणठणीत राहिले, यावर माझा विश्वास आहे. पाळणाऱ्याचा हात, सशाची जात, वजन, पिंजऱ्याबाहेर किती वेळ मोकळा सोडता, या सगळ्यानं फरक पडतो. मांसासाठी ससे पाळणारे जाळी वापरतात तीही स्वच्छतेसाठीच. पण ते पिल्लू अडीच-तीन महिन्यांत विकलं जातं, त्याच्या टाचा झिजायला वेळच मिळत नाही. त्याच फार्मवर विणीच्या माद्या वर्षानुवर्षं पिंजऱ्यात असतात आणि त्यांचे पाय सोलवटतात, म्हणून जाणते शेतकरी त्यांच्या जाळीवर प्लॅस्टिकचा सपाट पाट टाकून देतात. घरातला ससा आठ-दहा वर्षं जगतो. त्याचा हिशेब त्या मादीशी जुळतो, पिल्लाशी नाही.

माळावरचा ससा मात्र यात आणू नका. तो वेगळाच प्राणी आहे. तो बीळ खणत नाही, गवतात दबा धरून बसतो. त्याची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि तो दिवसभर एका चौरस फुटात बसून राहत नाही. आपण घरी पाळतो तो युरोपातल्या, मुळात स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. (आणि माळावरचा कुणी धरून आणत असेल तर तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे इथे सांगून ठेवते.)

आता मुताचं. ससा सहसा एकच कोपरा धरून मुततो, नसबंदी झालेला असेल तर फारच नेमाने. त्या कोपऱ्यात पसरट ट्रे ठेवा, तळाला कागदाचा लगदा किंवा दाबलेल्या लाकडी गोळ्या आणि वर भरपूर सुकं गवत. ससा खाता खाता हगतो-मुततो, त्यामुळे गवत तिथेच हवं. ट्रे रोज झाडला की बाकीची जमीन आपोआप कोरडी राहते. मांजरांच्या ट्रेमध्ये घालतात ती, ओली झाली की गोळे बनणारी माती त्यात घालू नका. पोटात गेली की आतड्यात गच्च बसते आणि सशाला ओकता येत नाही. सुताराकडचा भुसाही नको, त्यात प्लायवूडचा गोंद असतो. मुताचे पांढरे डाग कॅल्शियमचे असतात, ते व्हिनेगरने निघतात. फिनाईल अजिबात नको.

अंथरायला मी जुन्या सुती साडीची, घट्ट टाके घातलेली पातळ गोधडी वापरते. पातळ अशासाठी की आमच्या ठाण्यात जुलैमध्ये जाड गोधडी आठवडाभर वाळत नाही. खाली सुती सतरंजी, वर गोधडी, कडा ट्रेच्या किंवा पिंजऱ्याच्या खाली दाबलेल्या. कडा मोकळी दिसली की ससा तिथूनच कुरतडायला लागतो. ज्याला कापड खायची खोड आहे, त्याला कापड देऊच नका, त्याच्यासाठी गवताची विणलेली चटई बरी. ती खाल्ली तरी चालते. कोकणात भाताचा पेंढा सहज मिळतो, तोही छान, फक्त कुबट वास आला तर फेकून द्या. काथ्याचं पायपुसणं टाचा खरवडतं. गोणपाटाचे आणि टर्किश टॉवेलचे धागे नखात अडकतात. लहान मुलांच्या जोडायच्या फोमच्या चटया दिसायला छान, पण त्यांचे तुकडे पोटात जातात.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते विदर्भातल्या सगळ्यांनी वाचावं. सशाला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता बाहेर टाकतो आणि तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला खरंच धोका असतो. म्हणून सगळी जमीन झाकूच नका. एक तृतीयांश फरशी उघडी ठेवा, शहाबादी असेल तर उत्तम, तिच्यावर पकड मिळते. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात, आणि एकदा घसरलेला ससा पुढे तिथे पाऊल टाकायला घाबरतो. उघडी जागा असली की उकडल्यावर तो स्वतःच तिथे पसरतो आणि झोपायला कापडावर परत येतो. निवड त्याची त्याला करू द्या.

तुम्हाला जाळी काढायची नसेल तर निदान दोन तृतीयांश भागावर रंग-पॉलिश नसलेली, रंधा मारलेली फळी टाका. आणि आज संध्याकाळी एक करा. घरातल्या कुणाला तरी ससा छातीशी धरायला सांगा, एक हात ढुंगणाखाली घट्ट. उताणा करू नका, घाबरून लाथा झाडताना त्याचा कणा मोडू शकतो, इतकी त्याची हाडं हलकी असतात. मागच्या टाचेवरचे केस फुंकर मारून बाजूला करा. छोटासा, कोरडा, फिकट गुलाबी घट्टा असेल आणि भोवतीच्या केसांनी झाकला जात असेल तर काळजी नाही. लाल, सुजलेलं, खपली किंवा ओल दिसली तर सशांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे न्या, सोबत पिंजऱ्याच्या तळाचा फोटो घ्या. घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी मात्र चुकूनही देऊ नका. पोटातून दिलेल्या पेनिसिलिन गटातल्या औषधांनी सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो.