“हेल्दी खाणं म्हणजे श्रीमंतांची चैन” म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या हा मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: प्रोटीन हवं तर पावडर नाहीतर रोज मांस लागतं, चियाच्या बियांसारख्या महागड्या सुपरफूडशिवाय पोषण अपुरं राहतं, फ्रोझन आणि सुकं अन्न म्हणजे कस गेलेलं अन्न, आणि पैसे कमी असतील तर पाकिटातलं खाऊन पोट भरण्याशिवाय पर्याय नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण हे वाचून हातात कमी पैसा असलेला माणूस एकतर प्रयत्नच सोडून देतो नाहीतर पोटाला चिमटा काढून पावडरचा डबा आणतो.

आधी प्रोटीन. निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम पुरतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅम कोरड्या मसूर डाळीत जवळपास २४ ग्रॅम असतं, तेवढ्याच शेंगदाण्यांत २५, एका अंड्यात ६, आणि गव्हाच्या पिठातही १०० ग्रॅममागे १० च्या वर असतं, जे कोणी धरतच नाही. मग लोक म्हणतात डाळीचं प्रोटीन अपूर्ण असतं. अहो, प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यातलं मेथिओनिन डाळीत कमी आणि लायसिन भरपूर, धान्यात बरोबर उलटं, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की काम झालं, एकाच ताटात पाहिजे असंही नाही. खरेदी करताना पाकिटाची किंमत त्यातल्या एकूण प्रोटीनच्या ग्रॅमने भागून बघा, डाळ आणि पावडर शेजारी ठेवून. हा हिशोब मेसेज लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

डाळीतलं लोह मात्र शरीराला सहज मिळत नाही हे खरंय, त्यासाठी वरून लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा-कॉफी टाळा. आणि दूध-अंडीसुद्धा न खाणाऱ्यांना बी१२ची गोळी किंवा बी१२ घातलेले पदार्थ लागतातच, तो खर्च टाळू नका.

सुपरफूडचं काय सांगू, जवसात ओमेगा-३ (शरीराला लागणारी एक चांगली चरबी) चियापेक्षा जास्तच असतं, फक्त भरडून खायचं, अख्खे दाणे बरेचसे तसेच बाहेर पडतात. संपला विषय.

फ्रोझन मटार सहसा तोडल्यावर काही तासांतच गोठवतात. त्यात थोडं क जीवनसत्त्व जातं, पण ताजी म्हणून आणलेली भाजी चार दिवस पडून राहिली की तिचंही जातं. खरं नुकसान आपण करतो, भाजी चिरून मग धुतो आणि उकळलेलं पाणी ओतून देतो. सुकी कडधान्यं तर महिनोन्‌महिने टिकतात, वाया काही जात नाही. राजम्याचं तेवढं सांभाळा, रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळायचा, कारण मंद आचेवर अर्धाकच्चा राहिला तर उलट्या होतात.

आता पाकिटाचा मुद्दा, आणि इथे थोडं थांबायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २८० कोटींहून जास्त लोकांना सकस आहार परवडत नव्हता. आणि हा आहार चिया-पावडरचा नाही बरं का, धान्य, डाळी, भाज्या, फळं, दूध-अंडी-मांस, तेल यातल्या त्या त्या ठिकाणी मिळणाऱ्या स्वस्तात स्वस्त वस्तू धरून काढलेला हिशोब आहे. तोही ज्यांना झेपत नाही त्यांना “डाळ खा” सांगणं चुकीचंच, तिथे प्रश्न कमाईचा आणि महागाईचा आहे. पण मेसेज वाचणाऱ्या बऱ्याच जणांची अडचण वेगळी असते, पैसे थोडेफार असतात पण दमून घरी आल्यावर शिजवायला जीव नसतो, म्हणून पाकीट फुटतं. त्यांनी सुट्टीच्या दिवशी मोठं भांडंभर कडधान्य शिजवावं, तीन दिवसांचं फ्रिजमध्ये, उरलेलं छोट्या डब्यांतून फ्रीझरला, मग रोज फक्त फोडणी आणि एखादी भाजी एवढंच काम उरतं.