अंश, मिनिटं आणि साडेचार भाकऱ्या

हिच्या मामांनी निवृत्तीनंतर सिंहगडाच्या उतारावर कौलारू घर बांधलं. उभी हयात सर्वेक्षण खात्यात नकाशे करण्यात गेलेली, त्यामुळे दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय जाऊ नये आणि अडाणीही जाऊ नये, असा त्यांचा दुहेरी हट्ट. जेवण फुकट, शिकवणीही फुकट. पण यातलं एकच घेतो म्हटलं तर मिळत नाही.

आम्हा पुणेकरांना नकाशा लागतो कशाला? ‘पूर्वी जिथे पिठाची गिरणी होती, तिथून डावीकडे’ एवढ्यावर आमच्या पिढ्या इष्ट स्थळी पोहोचल्या. मामांचा पत्ता मात्र असा आला : उत्तर अक्षांश १८ अंश २३ मिनिटं, पूर्व रेखांश ७३ अंश ४६ मिनिटं. मी लगेच फोन लावला.

“मामा, एवढ्यावर घर सापडेल?”

“अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर १.८५ किलोमीटर फक्त. सापडेल की!”

“आणि सेकंद?”

“सेकंद तुम्ही काढायचे, जावईबापू.”

गडाच्या पायथ्याशी, डोणजे गावात एका दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, “नकाशेवाले ना? माहितीय की घर. पण पाव्हण्यांना सांगायचं नाही असं बजावलंय त्यांनी.”

पोहोचलो तेव्हा भुकेने डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मामींनी पाटपाणी केलं, पिठलं वाढलं, आणि पहिला घास तोंडाशी नेणार एवढ्यात मामांनी भिंतीकडे बोट केलं. “हे कुठलं पत्रक?” पत्रक म्हणजे सर्वेक्षण खात्याचा क्रमांक घातलेला नकाशा. भिंतीवर ४७ एफ/१५ होतं. सिंहगड त्यात येतो आणि पुणे शहर वरच्या ४७ एफ/१४ मध्ये, हे मी आता झोपेतही सांगतो. पिठलं निवलं की त्यावर साय धरते, हेही त्याच दिवशी कळलं.

भाताच्या वेळी खरा तास सुरू झाला. मामांनी माझ्या ताटातला भात हाताने दाबून त्याचा डोंगर केला आणि चमच्याच्या टोकाने त्यावर एकाखाली एक कडी कोरली. “या समोच्च रेषा, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. एकास पन्नास हजार या प्रमाणाच्या पत्रकात दोन रेषांमध्ये वीस मीटरची उंची. इकडे रेषा दाटल्या, म्हणजे काय?”

“कडा.”

“आणि इकडे विरळ?”

“मंद उतार.”

“शाब्बास. आता वरून तूप सोडलं तर कुठून वाहील?”

मी दाट बाजू दाखवली. मामांनी तूप सोडलं. ते माझ्या सांगण्याप्रमाणे न जाता मधल्या घळीतून निघालं आणि थेट लोणच्याला मिळालं. मामांना आनंद आवरेना. “पाणी घळ धरतं! सोंडेवरून दोन्हीकडे फुटतं!” मामी शांतपणे म्हणाल्या, “अहो, तो भात आहे. खाऊ द्या त्यांना.” मग पाणी दोन्हीकडे वाटणारी ती सोंड, म्हणजे जलविभाजक, मोडून मी एकदाचा जेवलो. ज्याला भूगोलात जेमतेम पास केलं गेलं, त्याने आपल्या ताटातली सोंड आणि घळ ओळखून खावी, ही शिक्षा फार होती असं माझं आजही मत आहे.

ताकाबरोबर सर्वेक्षण खात्यातले जुने गणिती राधानाथ सिकदार आले. १८५२ साली त्यांनी गणित करून पंधरा क्रमांकाचं शिखर जगात सर्वांत उंच असल्याचं दाखवलं, नाव मात्र पडलं खात्याच्या माजी प्रमुखाचं, एव्हरेस्टसाहेबाचं. तो तर १८४३ मध्येच निवृत्त झालेला. मामा हे सांगताना दर वेळी घरचं कुणी गेल्यासारखे गप्प होतात. मग म्हणाले, उंची बरोबर २९,००० फूट निघाली होती, पण गोल आकडा लोकांना खरा वाटायचा नाही म्हणून २९,००२ छापली, असं सांगतात. हे ऐकताच मामींनी माझ्या पानात अर्धी भाकरी टाकली. “चार म्हणजे गोल आकडा झाला. कुणाला खरा वाटायचा नाही.”

पहाटे गड. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली नियम घालून दिला : पाच किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक. मामांनी माझ्या समोरच आकडेमोड करून पोहोचण्याची वेळ जाहीर केली. नाइस्मिथने साडेचार भाकऱ्या धरलेल्या नव्हत्या. वर पोहोचलो तेव्हा मामा झुणका संपवून पत्रक उलगडून बसले होते.

निघायच्या दिवशी परीक्षा. घराचा रेखानकाशा काढायचा. उत्तर दिशा, प्रमाण, सूची सगळं हवं. उत्तम नकाशाला बेसनाच्या लाडवांचा डबा. मी जीव ओतला. पायऱ्या पावलांनी मोजल्या, उताराच्या रेषा काढल्या, विहीर निळी केली. माझे साडू आदल्या रात्री उशिरा आले होते. त्यांनी नुसता एक चौकोन काढला, त्यात स्वयंपाकघराच्या जागी देवळाचं चिन्ह टाकलं आणि झोपायला गेले. उत्तर दिशासुद्धा दाखवली नाही.

डबा साडूंना मिळाला. परीक्षक मामी होत्या, हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं.